गुणगुणणारा तीन नंबर

रेग्युलेटर गायला लागला की कुणाची तरी जागा हलणार, असं आमच्या टेस्ट रूममध्ये गमतीने म्हणायचे. त्या वर्षी ती गंमत राहिली नाही, कारण ज्यांच्याकडे बोट गेलं ते माझे साडू.

आधी रेग्युलेटर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. मला कळलं ते कुणालाही कळेल.

अंतराळयानात एक गॅसची बाटली असते. तिच्यात हेलियम ठासून भरलेला असतो, प्रेशर तीनशे. शेजारी इंधनाची टाकी. तिला लागतं अठरा. तीनशेचं तोंड सरळ टाकीत उघडलं तर टाकीच्या चिंध्या होतील. म्हणून दोघांच्या मध्ये हा रेग्युलेटर बसवतात. मुठीएवढा असतो. आत एक छोटं दार, दाराला काडेपेटीतल्या काडीएवढी दांडी. एका बाजूने स्प्रिंग ते दार उघडायला बघते, दुसऱ्या बाजूने टाकीकडचा गॅस एका पातळ पडद्यावर रेलून ते बंद करायला बघतो. टाकीत प्रेशर उतरलं की स्प्रिंग जिंकते, भरलं की पडदा जिंकतो. नवरा-बायकोसारखं आहे. दोघांनी थोडं थोडं ऐकलं तर घरातून आवाज येत नाही.

ऐकलं नाही तर दार थरथरायला लागतं. सेकंदाला दोनशे-अडीचशे वेळा उघड-मीट, उघड-मीट. बाहेर ऐकू येतो तो सूर, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखा. कानाला वाईट नाही लागत. पण आत ते दार आपल्या सीटवर, म्हणजे मिटताना टेकतं त्या कडेवर, हातोडीसारखं आपटत असतं, आणि तासाभरात सीटचा भुगा. इथे आपण बाटलीचा कॉक फिरवून मोकळे होऊ. वर पाना घेऊन कोण जाणार?

तर माझं काम असं, की तयार रेग्युलेटर बेंचवर चढवायचा, गॅस सोडायचा आणि तो गप्प राहतो का बघायचं. एकतीस वर्षं हेच केलं. आणि आतली दांडी बनवायचं काम साडूंचं.

मी त्यांना भाऊ म्हणतो. वयाने सात वर्षांनी मोठे. आधी आम्ही एका खात्यात, मग त्यांनीच आपली मेव्हणी मला सुचवली आणि आम्ही साडू झालो. लग्नाच्या बोलणीत मुलाबद्दल विचारलं तेव्हा भाऊ एवढंच म्हणाले होते, की पोरगा आवाज करत नाही. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही. कारखान्यात मात्र त्यांना सगळे 'आरसा' म्हणायचे. दांडी मशीनवर कातून आली की ती बुशमध्ये, म्हणजे ज्या नळीत ती सरकते तिच्यात, मापात बसवायला शेवटचा हात माणसाचाच लागतो. बारीक पेस्ट लावायची, घासायचं, पुसायचं, भिंगातून बघायचं, पुन्हा घासायचं. भाऊंच्या हातची दांडी हातात घेतली तर आपल्याच नाकाचा शेंडा दिसायचा.

त्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डावा अजून पिकायचाय म्हणून डॉक्टरांनी तो तसाच ठेवला. तीन आठवडे रजा झाली आणि भाऊ परत आपल्या स्टुलावर येऊन बसले.

तेव्हा आमच्याकडे पाच रेग्युलेटरची ऑर्डर चालू होती. एक आणि दोन नंबर रजेच्या आधी झालेले. ते बेंचवर मुकाट बसले, गाईसारखे. तीन नंबर रजेनंतरचा. मी गॅस सोडला, प्रेशर अठरावर आलं, आणि तो गुणगुणायला लागला. बंद करून पुन्हा सोडला, पुन्हा तेच. चार नंबर आला, तोही गायला. पाच तर असा सुरात लागला की पलीकडच्या खोलीतून माणूस बघायला आला, रेडिओ कुणी लावलाय म्हणून.

आमच्या मॅडम दोन वर्षांपूर्वी डिझाइनला आलेल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. मला काका म्हणायच्या आणि कामाच्या वेळी काकाला पण सोडायच्या नाहीत. त्यांची पहिली गोष्ट मला आवडली ती ही, की त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. म्हणाल्या, आधी आपलं अंगण झाडू. म्हणजे माझा बेंच. कधी कधी रेग्युलेटर निर्दोष असतो आणि त्याच्याकडे येणारा पाइपच बासरीसारखा घुमतो. आम्ही पाइप आखूड केला. सूर चढला, थांबला नाही. पाइप लांब केला, सूर उतरला. पुढे मोठी टाकी जोडली, तर तो जाडा झाला. चार दिवस आम्ही बेंचवर ही पेटी वाजवली. बेंच निर्दोष सुटला.

मग मॅडमनी अदलाबदल सुरू केली. गप्प असलेला दोन नंबर आणि गाणारा तीन नंबर, दोघे शेजारी उघडून ठेवले. दोनची स्प्रिंग तीनमध्ये घातली, तीन गायला. दोनचा पडदा घातला, गायला. सीट घातली, गायला. शेवटी दोनची दांडी तिच्या बुशसकट तीनमध्ये घातली.

गप्प.

उलट करून बघितलं. तीनची दांडी दोनमध्ये गेली आणि इतके दिवस मुकाट बसलेला दोन नंबर गायला लागला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी गेजकडे बघितलं. दांडी कुणाची हे दोघांनाही माहीत होतं.

ही गोष्ट साहेबांच्या टेबलावर जायला अर्धा दिवस लागला. साहेब म्हणजे खात्याचे मुख्य. माणूस वाईट नव्हे. रेग्युलेटरचं मूळ ड्रॉइंग त्यांनीच तरुणपणी काढलेलं, आणि त्याच ड्रॉइंगवर अकरा वर्षं माल वर जात होता. त्यांनी कागद मागवले. दांडीचा तपासणीचा कागद असा असतो, की जाडी, फट, गुळगुळीतपणा अशा तीन ओळी, आणि ड्रॉइंगच्या मर्यादेत असेल तर पुढे बरोबरची खूण. आकडा लिहायची पद्धत नाही. खूण केली की झालं, पुढचा कागद. तीन, चार, पाच, तिघांच्याही कागदावर तिन्ही खुणा होत्या.

साहेब म्हणाले, कागदावर बरोबर आणि बेंचवर चूक, याचा अर्थ करणाऱ्याच्या नजरेतून काहीतरी सुटतंय. डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पाठोपाठ तीन नग बिघडले, यात आणखी काय समजून घ्यायचं? त्यांनी ठरवलं, एक तारखेपासून भाऊ स्टोअरमध्ये. नट-बोल्ट मोजायचे, पावत्या फाडायच्या. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, तिथे सुखाने काढतील. दांड्या दुसऱ्या पाळीचा माणूस करेल. पत्र टाइप होऊन आलं. तारीख होती तेवीस.

मला वाटलं भाऊ भांडतील. त्यांनी पत्राची घडी केली आणि खिशात ठेवली. कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसले, चहा गार होऊ दिला आणि मग म्हणाले, "साहेब चुकत नाहीत रे. हात हळू झालेत माझे. मलाच कळतंय."

भाऊंच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. स्टोअरमध्ये गेलेला माणूस काही मरत नाही. पण आपले हात गेले असं भाऊंना वाटायला लागलं, तर ते घरी येऊनही कशाला हात लावणार नाहीत. मी त्यांना ओळखतो.

सुट्टीच्या दिवशी बायकोने मला त्यांच्याकडे पिटाळलं. इथे बसून गेजसारखं तोंड करू नका म्हणाली, जाऊन बघून या. दार ताईंनी उघडलं. ताई म्हणजे माझी थोरली मेव्हणी, भाऊंची बायको. दाराची कडी हाताला लागली आणि मी पुन्हा बघितली. नव्यासारखी. आत गेलो तर खिडकीचे गज चकचकीत, नळ चकचकीत, आणि भिंतीला पाठ लावून सगळी पातेली उलटी मांडलेली, बुडं वर करून. पातेल्यांची बुडं कुणाच्या घरात अशी नसतात. त्यात बघून दाढी केली असती.

ताई म्हणाल्या, "डोळा उघडल्यापासून माझ्या संसाराची झडती चाललीय. तीस वर्षं स्वच्छ होतं ते सगळं आता यांना घाण दिसतं. परवा मला म्हणतात, तू कधी म्हातारी झालीस?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, तुमचा डोळा झाकला होता तेव्हा."

भाऊ आतल्या खोलीत जमिनीवर बसले होते. मांडीवर फडकं, हातात कपाटाची मूठ. मी समोर बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग मी सहज विचारलं, की हात हळू झाले म्हणजे नेमकं काय झालं?

ते म्हणाले, आधी एक दांडी दीड तासात व्हायची. आता सहा तास लागतात.

"सहा? करता काय सहा तास?"

"तेच करतो. भिंगातून बघायचं, रेषा दिसतात तोवर घासायचं. रेषा गेल्या की थांबायचं. पण आता जातच नाहीत लवकर. घासतो, बघतो, आहेतच. पुन्हा घासतो. पूर्वी हाताला जोर होता, दीड तासात जायच्या."

मी त्यांच्या मांडीवरच्या मुठीकडे बघितलं. मग बाहेरच्या पातेल्यांकडे. मी काही हुशार नाही, पण एकतीस वर्षं बेंचवर बसून एवढं शिकलोय, की दोन गोष्टी एकाच तारखेला बदलल्या तर त्यांना शेजारी बसवून बघायचं. रेषा पूर्वी दीड तासात जात नव्हत्या. दीड तासात त्या भाऊंना दिसेनाशा व्हायच्या.

तिथे काही बोललो नाही. चुकलो असतो तर त्यांना उगाच दोनदा पाडल्यासारखं झालं असतं. चहा पिऊन उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम कामाचा पांढरा कोट घालत होत्या तेव्हाच गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग पाचही दांड्या घेऊन आम्ही मापांच्या खोलीत गेलो. तिथे एक यंत्र आहे, त्याची सुई धातूवरून हळूच फिरते आणि किती खडबडीत आहे त्याचा आकडा देते. ड्रॉइंगमध्ये चाळीसपर्यंत चालतं. दोन नंबरची दांडी आली बत्तीस. एक नंबरची चौतीस. तीन नंबरची आली पाच.

मॅडमनी पुन्हा फिरवली. पाच. चार नंबरची सहा, पाच नंबरची चार.

चाळीसच्या आत बत्तीसही येतं आणि पाचही येतं. कागदावर दोघांना तीच एक खूण.

 मॅडमनी मला समजावलं ते असं. वाऱ्यावर दार आपटत असेल तर आपण काय बघतो? बिजागरी गंजलेली असेल तर दार आपटत नाही, जिथे आहे तिथे राहतं. बिजागरीला तेल घातलं की तेच दार दिवसभर धाड-धाड करतं. भाऊंच्या जुन्या दांड्यांना बारीक रेषा राहायच्या. बुशमध्ये सरकताना त्या जराशा घासायच्या, आणि दाराची मस्ती तिथल्या तिथे जिरायची. नव्या दांडीला अडवणारं काहीच नाही. ती इतकी मोकळी सुटते की जागेवर थांबतच नाही, पुढे जाते, परत येते, पुन्हा पुढे जाते.

मी म्हटलं, म्हणजे हात बिघडले नाहीत.

"काका, हात अकरा वर्षांत पहिल्यांदा पूर्ण चाललेत."

साहेबांना मात्र आकडे पुरले नाहीत. त्यांचंही बरोबर होतं. ते म्हणाले, हा तर्क झाला. त्याच माणसाने त्याच हाताने जुन्यासारखी दांडी करून दाखवावी आणि ती गप्प राहावी, मग मानतो. एक तारखेला चार दिवस होते.

भाऊंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सगळं सांगितलं, पाच आणि बत्तीस, दाराची बिजागरी, सगळं. त्यांनी ऐकलं आणि पहिलं वाक्य काय म्हणाले असतील?

"म्हणजे अकरा वर्षं मी रेषा सोडून देत होतो?"

मी म्हटलं, भाऊ, तुमचे हात शाबूत आहेत हे सांगतोय मी. ते म्हणाले, ते ऐकलं मी, पण आधी हे सांग, किती गेल्या वर तशा? मला माहीत नव्हतं. मग चार नंबरसाठी एक नवी, न घासलेली दांडी घेऊन, रेषा दिसत असताना थांबायचं, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. आजवर दिसलेली रेषा ठेवून त्यांनी कुणाच्या हातात काही दिलं नव्हतं. अर्धा तास मी समजूत घातली. शेवटी ते स्टुलावर बसले, पेस्ट लावली, आणि उजवा डोळा पट्टीने बांधून घेतला. डाव्या, न पिकलेल्या डोळ्याने काम केलं. दीड तासात त्या डोळ्याला रेषा दिसेना झाल्या आणि ते थांबले. त्यामुळे दिसलेली रेषा सोडली असं काही झालं नाही. भाऊंचा हिशेब भाऊंपाशी.

सुईवर एकतीस आले. बेंचवर चढवली. प्रेशर अठरा, रेग्युलेटर गप्प. साहेब स्वतः उभे होते. त्यांनी दहा मिनिटं ऐकलं आणि त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. म्हणाले, ठीक आहे, माझी चूक झाली, पत्र मी मागे घेतो. सगळ्या दांड्या अशाच करा आणि माल पाठवा.

तिथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. माझ्यापुरती संपलीही होती. पण मॅडम म्हणाल्या, नाही.

साहेबांनी विचारलं, नाही म्हणजे?

मॅडमनी शांतपणे सांगितलं. रेषा झिजतात. वर हजारो वेळा दार उघडमीट झालं की हीच दांडी हळूहळू पाचवर येणार, आणि तेव्हा गायला लागणार. थंडीत बुश आवळला तर हीच रेषा दांडीला अडकवणार, आणि मग दार उघडणारच नाही. आज मिळालेली शांतता उसनी आहे. दार थोपवायला ड्रॉइंगमध्ये काही ठेवलेलंच नाही, ते काम इतकी वर्षं एक मोतीबिंदू करत होता.

ड्रॉइंग कुणाचं हे सगळ्यांना माहीत होतं. साहेब लाल झाले नाहीत की ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अकरा वर्षं चाललेल्या वस्तूत हात घालायला हातात तीन दिवस आहेत, असं ते म्हणाले. खडबडीत दांडी आज चालते, हे डोळ्यांनी बघितलंय. मग ते भाऊंकडे वळले आणि विचारलं, तुम्ही अशाच आणखी दोन कराल ना?

भाऊ तेव्हा दारापाशी उभे होते. पट्टी अजून हातात होती.

"नाही साहेब. आता मला दिसतंय. दिसत असताना रेषा सोडलेली दांडी मी वर पाठवणार नाही. मी गुळगुळीत करणार, तुम्ही तिला गप्प बसवा. बसली तर मी स्टुलावर. नाही बसली तर एक तारखेला मी आपणहून स्टोअरमध्ये जातो, तुमच्या पत्राची गरज नाही."

मी मनात म्हटलं, आली का पंचाईत. मिळालेलं स्टूल हा माणूस पुन्हा पणाला लावतोय. साहेबांनी मॅडमकडे बघितलं. म्हणाले, तीन दिवस. एक तारखेला सकाळी मी बेंचवर येईन. गाणं ऐकू आलं तर खडबडीत दांडी जाईल, आणि ती करणारा माणूस दुसरा असेल.

मॅडमचा उपाय दिसायला एवढासा होता. टाकीकडचा गॅस ज्या भोकातून पडद्यापर्यंत पोचतो, ते भोक जवळपास बंद करायचं. त्यात एक बारीक बूच बसवायचं आणि बुचाला केसासारखं छिद्र ठेवायचं. मग पडद्याला बातमी सावकाश पोचेल. सावकाश बातमी पोचली की माणूस दचकत नाही, तसंच पडद्याचं. पण छिद्र किती मोठं, हे कागदावरून नेमकं येत नव्हतं. म्हणून तीन बुचं करायची ठरली. ती केली भाऊंनी. एवढ्या बारीक छिद्राच्या कडेला धातूची कूस राहिली तर गॅस वाकडा जातो, ती कूस काढायला नवा डोळाच हवा होता. एक बूच दुपारी बाराला मिळालं, दुसरं पाचला, तिसरं दुसऱ्या दिवशी.

सगळ्यात बारीक छिद्राचं बूच आधी लावलं, आत तीन नंबरची ती पाच आकड्याची दांडी. गाणं बंद. मी हसलो, मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, काका, पुढचा कॉक झटकन बंद करा. केला. टाकीचं प्रेशर अठरावरून तेवीसला गेलं, मग कुठे दार मिटलं. वीसच्या वर टाकीला चालत नाही. बातमी इतकी सावकाश पोचली की घर जळून झाल्यावर बंब आला.

मोठ्या छिद्राचं लावलं. झटका बरोबर, साडेअठराला दार बंद. पण बाटलीतलं प्रेशर उतरत उतरत शंभरावर आलं तसा तो घशातल्या घशात गुणगुणायला लागला. काढलं.

राहिलं मधलं. ते लावलं तेव्हा महिन्याचा शेवटचा दिवस होता आणि दुपार झाली होती. तीनशेला गप्प. दोनशेला गप्प. साठवर आलो तेव्हा किंचित थरथर सुरू झाली आणि माझा हात कॉककडे गेला. मॅडमनी हात वर करून मला थांबवलं. थरथर चार-पाच वेळा झाली, प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी, आणि विरून गेली. त्या म्हणाल्या, हेच हवं होतं. कधी हलायचंच नाही असं कुणी म्हणत नाही, हललं तर आपोआप थांबलं पाहिजे. कॉक झटकन बंद केला, साडेएकोणीस. मग रेग्युलेटर बर्फाच्या पेटीत ठेवला, अंगावर पांढरं धरेपर्यंत, आणि पुन्हा सगळं केलं. गप्प.

मॅडमना मी त्या दिवशी भाऊंचा प्रश्न विचारला, आधी वर गेलेल्यांचं काय. त्यांनी यादी आधीच काढली होती. नऊ गेलेले. त्यातली सात यानं काम संपवून बंद झालेली. दोन चालू होती, आणि त्यांची बाटली दिवसातून कमी वेळा उघडा असं त्यांनी तिकडे लिहून कळवलं होतं. मी भाऊंना तसं सांगितलं. ते म्हणाले, दोन.

एक तारखेला साहेब आठला आले. भाऊ माझ्या मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा कोट घडी करून हातावर, कारण कुठल्या खोलीत जायचं ते ठरायचं होतं. मी गॅस सोडला. तीनशेपासून साठपर्यंत एक तास लागतो. साहेबांना खुर्ची दिली, बसले नाहीत. कॉम्प्युटरवर प्रेशरची रेघ सरळ चालली. साठला ती जरा थरथरली. साहेब पुढे वाकले, रेघ विरली, ते सरळ झाले. झटका दिला, साडेएकोणीस.

मी कॉक बंद केला.

साहेबांनी मॅडमकडून सुधारलेलं ड्रॉइंग मागून घेतलं, बुचाची जागा बघितली आणि तिथेच बेंचच्या कोपऱ्यावर ठेवून सही केली. जुन्या सहीच्या खाली. मग भाऊंना म्हणाले, "पत्र रद्द समजा."

"समजत नाही साहेब. आलं तेव्हा लेखी आलं होतं."

मला वाटलं आता बिनसतंय. साहेबांनी हात पुढे केला. भाऊंनी खिशातून घडी काढून दिली. साहेबांनी पत्रावर आडवं लिहिलं, 'रद्द. दोष ड्रॉइंगमध्ये होता, हातात नव्हता,' आणि तारीख घातली. आणखी एक ओळ तपासणीवाल्यांसाठी वेगळ्या कागदावर लिहिली, की इथून पुढे खूण नको, आकडा लिहा.

भाऊंनी पत्र वाचलं. दांड्यांच्या आतल्या खोलीत धूळ नको म्हणून कागद न्यायला बंदी आहे, म्हणून ते माझ्याकडे दिलं. कोट चढवला, हात धुतले आणि आत गेले. चार नंबरची एकतीसवाली दांडी त्यांनी पुन्हा घासायला आदल्या दिवशीच मागून ठेवली होती.

मी बेंच पुसून घेतला आणि चार नंबरची वाट बघत बसलो. पूर्वी साडेदहापर्यंत आला असता. तो दुपारी तीनला आला, सुईचा आकडा सोबत चिकटवलेला. चार. मी उशिराबद्दल काही विचारलं नाही, गॅस सोडला.